सकाळचा पहिला सेल्फ : थंडीत रुसणाऱ्या जुन्या एमपीएफआय गाडीची घरच्या घरी तपासणी

डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाच्या सुमारास नागपूरच्या कुठल्याही कॉलनीत कान देऊन ऐका. मानेवाडा असो की त्रिमूर्तीनगर, दोन-चार घरांआड एखादी जुनी गाडी कण्हत असतेच. खॅर्र-खॅर्र-खॅर्र, मग शांतता, मग पुन्हा खॅर्र-खॅर्र. आत किल्ली फिरवणारा पोरगा, बाहेर मफलर गुंडाळलेले काका, आणि शेजारच्या गच्चीवरून हमखास येणारा प्रश्न, ‘‘काहून भाऊ, चालू होऊन नाही राहिली का?’’

पुढचा प्रवेशही ठरलेला आहे. कशीबशी चालू झालेली गाडी अकरा वाजता मेकॅनिककडे जाते. तोवर इंजिन तापलेलं असतं, ऊन डोक्यावर आलेलं असतं. तो एकदा किल्ली फिरवतो, गाडी पहिल्या झटक्यात चालू होते, आणि तो म्हणतो, ‘‘कुछ नहीं है भैया, मस्त चल रही है.’’ तो खोटं बोलत नसतो. त्याच्यापुढे जी गाडी उभी आहे तिच्यात खरोखरच काही दिसत नाही. थंड गाडीतला बिघाड थंड गाडीतच दिसतो, आणि थंड गाडी दिवसातून एकदाच मिळते. तो सकाळचा पहिला सेल्फ आपण घाईत, झोपेत, शिव्या देत वाया घालवतो. नंतर मग प्लग बदल, पंप बदल, इंजेक्टर साफ कर असा अंदाजपंचे खर्च सुरू होतो. मी स्वतः हे सगळं करून बसलोय, म्हणून हा लेख.

हे सगळं साधारण २००० ते २०१२ या काळातल्या पेट्रोल एमपीएफआय गाड्यांना, म्हणजे कार्बोरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर पेट्रोल फवारतो अशा गाड्यांना लागू पडतं. एमएच ३१, ४० किंवा ४९ पाटीच्या, पंधरा वर्षं पुरी करून आरटीओत पाच वर्षांचं नूतनीकरण करून आणलेल्या गाड्या शहरात आजही पुष्कळ आहेत. डिझेल गाडीचं प्रकरण वेगळं, तिथे हीटर प्लगपासून सुरुवात होते. ते इथे नाही.

आधी एक गैरसमज

‘थंडी आहे, म्हणून होतं असं’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदवले गेले होते, आणि ती पहाट आठवली की अजून हुडहुडी भरते. पण एरवी आपली कडाक्याची पहाट म्हणजे आठ-दहा अंश. याच गाड्या श्रीनगरला शून्याखाली चालू होतात. इंजिनच्या हिशेबाने नागपूरची थंडी ही थंडीच नव्हे. दहा अंशांना गाडी रुसत असेल तर तिच्यात काहीतरी आधीपासून अर्धमेलं आहे, थंडीने फक्त ते उघडं पाडलं.

ते अर्धमेलं कशाने झालं, याचं उत्तर नागपुरात बहुधा मे महिन्यात सापडतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दिवसभर उभी राहिलेली गाडी, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता. त्या भट्टीत बॅटरीचं पाणी आटतं, प्लेटा झिजतात, रबरी होज कडक होऊन तडकतात, कनेक्टरचं प्लास्टिक ठिसूळ होतं. बॅटरी मरते उन्हाळ्यात, तेरावं होतं हिवाळ्यात.

थंड इंजिनला वेगळं काय लागतं

तापलेल्या इंजिनात एका भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात मात्र सोडलेल्या पेट्रोलचा बराच भाग वाफ न होता मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) आणि सिलिंडरच्या भिंतींना चिकटून राहतो. द्रव पेट्रोल जळत नाही, वाफ जळते. म्हणून सकाळी जास्त पेट्रोल ओतावं लागतं. कार्बोरेटरच्या जमान्यात हे काम आपण चोक ओढून करायचो. एमपीएफआयमध्ये चोक नाही. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, कूलंटमध्ये बसवलेल्या एका सेन्सरला विचारतो, ‘‘पाणी किती गरम?’’ आणि उत्तरानुसार इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो. हा सेन्सर चुकला की सगळाच हिशेब चुकतो. त्याच्याकडे नंतर सविस्तर येऊ.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचाही थोडा हात असतो. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता खातं. त्यामुळे थंडीत त्याची वाफ होणं जड जातं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणजे महिनोन्‌महिने टाकीत तेच पेट्रोल ठेवणं वाईट. पण ‘सगळा दोष इथेनॉलचा’ हेही खरं नाही. धडधाकट गाडी त्या पेट्रोलवर दहा अंशांना चालू होते.

आदल्या रात्रीची तयारी

एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, तीन-चारशे रुपयांवाला चालतो. सोबत टॉर्च, प्लग पाना आणि एक वही. वहीला हसू नका. तीन सकाळी काय झालं ते लिहिलेलं असेल तर अर्धं निदान तिथेच होतं. आठवणीवर विसंबलात तर ‘कधी होते, कधी नाही होत’ एवढंच हाती उरतं.

गाडी रात्री बंद केल्यावर तासा-दोन तासांनी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे चालेल अशी, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. आकडा लिहून ठेवा. मग गाडीला हात लावू नका. किमान आठ तास. ‘पाहून घेतो जरा’ म्हणून रात्री अकराला एकदा चालू केलीत तर सकाळची परीक्षा बाटली.

सकाळी, या क्रमाने

सोबतीला घरातलं कोणीतरी घ्या. एकाने किल्लीवर, एकाने बॉनेटपाशी.

पहिलं काम, काहीही चालू करायच्या आधी पुन्हा बॅटरीचा व्होल्टेज. रात्री १२.५ होता आणि सकाळी १२.१, तर एक तर बॅटरी चार्ज धरत नाही किंवा रात्रभर काहीतरी वीज पीत बसलंय. स्टिरिओ, डिकीतला दिवा, बाहेरून बसवलेला सेंट्रल लॉक, हे नेहमीचे संशयित.

दुसरं, किल्ली फक्त ‘ऑन’वर, सेल्फ मारायचा नाही. डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला पाहिजे. तो लागलाच नाही तर ईसीयूला वीज मिळत नाही (किंवा गाडी विकताना कोणीतरी बल्बच काढून ठेवलाय, असंही पाहिलंय). त्याच वेळी मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद ‘झूंऽऽ’ असा बारीक आवाज आला पाहिजे. तो पेट्रोल पंप. लाइनमध्ये दाब भरतोय. सकाळची शांतता असते, कान लावला की ऐकू येतो. नाही आला तर पंपाचा फ्यूज, रिले (पंपाला वीज सोडणारा छोटा स्विच) आणि मग पंप, या क्रमाने पाहा. एकसारखे दोन रिले शेजारी असतील तर अदलाबदल करून पाहणं ही फुकटातली चाचणी आहे.

तिसरं, एक्सलेटरला पाय न लावता पाच सेकंद सेल्फ. बस्स, पाचच. आणि काय झालं ते लिहा. इथून पुढे चार वाटा फुटतात, आणि आपली वाट कोणती हे न ठरवता पुढे गेलात तर सगळं मुसळ केरात.

सेल्फच जड फिरतो, किंवा नुसता ‘टक्‌’ होतो

हा इंजेक्शनचा बिघाडच नाही, विजेचा आहे. सेल्फ चालू असताना सोबत्याला बॅटरीवरचा व्होल्टेज वाचायला सांगा. साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी दमली किंवा नीट चार्ज झालेली नाही. गाडी चालू झाल्यावर तोच आकडा १३.८ ते १४.४ दरम्यान यायला हवा. येत नसेल तर बॅटरीला दोष देण्याआधी अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट बघा. नाहीतर नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच बसेल.

व्होल्टेज साडेदहाच्या वर राहतो आणि तरी सेल्फ रडतो? मग वीज वाटेत अडतेय. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टहून फार जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत अर्धा व्होल्टपर्यंत चालतं. या दोन्ही जागी काही सापडलं नाही तरच स्टार्टर मोटर उघडायला सांगा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड गरम पाणी आणि खाण्याचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने साफ करा, कोरडं करा, वर थोडं पेट्रोलियम जेली लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

ऑइलकडेही एक नजर टाका. ‘जुनी गाडी आहे, जाड ऑइल घाला’ या सल्ल्याने २०डब्ल्यू-५० भरलेलं असतं. मॅन्युअलमध्ये पातळ ग्रेड लिहिला असेल तर सकाळी त्या काकवीतून क्रँक फिरवायला बॅटरीचा जीव जातो.

सेल्फ खणखणीत फिरतो, पण गाडी पकडतच नाही

इथे प्रश्न एकच : पेट्रोल पोचत नाही, की स्पार्क, की पेट्रोल गरजेपेक्षा जास्त पोचतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा थंड गाडीवर, ही सोपी युक्ती करा. किल्ली ऑन, तीन सेकंद थांबा, ऑफ. असं तीन वेळा. मग सेल्फ. रोज न पकडणारी गाडी आज लगेच पकडली तर रात्रभरात पेट्रोल लाइनचा दाब उतरतोय, आणि तीन वेळा पंप फिरवून तुम्ही तो भरून काढलात. याची कारणं तीन. पंपातला उलट जाऊ न देणारा वॉल्व्ह ढिला, प्रेशर रेग्युलेटरचा पडदा फाटलेला, किंवा इंजेक्टर थेंब-थेंब गळतोय. रेग्युलेटर इंजिनवर असेल तर त्याला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी काढून पाहा. तिच्यात पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर दोषी सापडला. इंजेक्टर गळत असेल तर सकाळी त्या एका सिलिंडरचा प्लग ओला निघतो, बाकीचे कोरडे.

दाब खरा मोजायचा तर गेज लागतो. या गाड्यांत तो बहुधा अडीच ते तीन बार असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. हे काम नवख्याने घरी करू नये. लाइन उघडली की दाबाखालचं पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं, आणि बाजूला कोणीतरी बिडी ओढत उभा असतो. मेकॅनिककडे करा, पण सकाळी करा.

तीनदा किल्ली फिरवूनही काही फरक नाही, तर प्लग काढून पाहा. पाच-सहा सेकंदांच्या सेल्फनंतर प्लग अगदी कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला आणि पेट्रोलचा भपकारा असेल तर एक तर स्पार्क नाही किंवा गाडी फ्लड झाली आहे, म्हणजे आत पेट्रोल तुंबलंय. फ्लड झालेल्या गाडीला एक्सलेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत असं केलं की ईसीयू इंजेक्टर बंद करतो, नुसती हवा जाते आणि आतलं पेट्रोल बाहेर पडतं. याने गाडी पकडली तर ती उपाशी नव्हती, तिला अजीर्ण झालं होतं. वहीत हे ठळक लिहा. पुढे लागणार आहे.

स्पार्क पाहताना प्लगची वायर ओढून हातात धरायची जुनी पद्धत सोडा. स्कूटरला ती चालून जायची. इथे झटका तर बसतोच, पण मोकळ्या वायरने कॉइलचं, कधी ईसीयूचंही नुकसान होतं. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, वायरला एक जादा प्लग लावा, त्याची चुडी इंजिनच्या लोखंडाला घट्ट टेकवा आणि मग सेल्फ. निळसर, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर प्लगचा गॅप, वायर, कॉइल. प्लग बदलताना गॅप गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. झिजून वाढलेला गॅप उन्हाळ्यात खपून जातो. थंड सकाळी, बॅटरी आधीच खाली ओढली गेलेली असताना खपत नाही.

पकडते, पण पाय काढला की बंद

म्हणजे हवा कमी पडतेय, किंवा भलत्याच जागेतून येतेय. थंड गाडी चालू झाल्यावर आरपीएम आपोआप बाराशे-पंधराशेवर जाऊन काही मिनिटांत आठशे-नऊशेवर उतरायला हवा. हे काम आयडल वॉल्व्ह करतो. वीस वर्षांच्या कार्बनने तो आणि थ्रॉटल बॉडी (एक्सलेटरने उघडणारी हवेची झडप) दोन्ही काळेठिक्कर झालेले असतात. थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापड, एवढंच पुरतं. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, आणि थ्रॉटलच्या पातीचा रंग लावून बंद केलेला स्क्रू तर अजिबात फिरवू नका. आयडल वाढवायला तो फिरवणारे ‘उस्ताद’ पुढच्या माणसाचं निदान अवघड करून ठेवतात.

हवेच्या गळतीसाठी सगळे रबरी होज हाताने दाबून पाहा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या की बदला. एमएपी सेन्सरला (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) जाणारी बारीक नळी विशेष पाहा, ती तडकली तर ईसीयूचा दुसरा डोळाही जातो. गळती शोधायला इंजिनवर ज्वलनशील स्प्रे मारणारे लोक असतात. नवख्यांनी साबणाचं पाणी वापरावं. गळतीवर पाणी पडलं की क्षणभर आयडल बदलतो.

चालू होते, पण काळा धूर, धडधड, पेट्रोलचा वास

आता कूलंट सेन्सर. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पैसे लोकांनी याच्या जागी दुसरं काहीतरी बदलून घालवले आहेत, त्यात मीही आलो.

माझी २००५ ची छोटी हॅचबॅक. एका नोव्हेंबरात ॲव्हरेज सोळावरून अकरावर आलं आणि सकाळी गाडी फ्लड व्हायला लागली. एका गॅरेजने प्लग बदलले. महिनाभर बरं वाटलं, कारण नवे प्लग काळे व्हायला तेवढा वेळ लागला. दुसऱ्याने इंजेक्टर साफ केले. तिसऱ्याने पंप सुचवला, तेव्हा कुठे मी मीटर घेऊन स्वतः बसलो. सेन्सर ठणठणीत होता. त्याच्या कनेक्टरची एक पिन हिरवी पडली होती. त्या गंजाचा रोध सेन्सरच्या रोधात मिळत होता आणि ईसीयूला वाटत होतं की नागपुरात बर्फ पडतोय.

हा सेन्सर कसा चालतो ते समजलं की बाकी सोपं आहे. पाणी थंड तर त्याचा रोध जास्त, गरम तर कमी. त्या काळच्या अनेक छोट्या गाड्यांत वीस अंशांना दोन ते तीन किलोओम, चाळीसला सव्वा किलोओमच्या आसपास, ऐंशीला तीनशे-साडेतीनशे ओम. तुमच्या गाडीचा तक्ता थोडा वेगळा असेल, पण उतरण अशीच. सकाळी थंड गाडीत कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर लावा. बाहेर दहा-बारा अंश असताना तीन-साडेतीन किलोओमच्या जवळपास काहीतरी दिसायला हवं. आठ-दहा किलोओम दिसले तर सेन्सर ‘मी गोठलोय’ म्हणतोय, पेट्रोल जास्त जाणार, गाडी फ्लड होणार, धूर काळा येणार. उलट पाचशे ओम दिसले तर तो ‘मी तापलोय’ म्हणतोय, सकाळी जादा पेट्रोल मिळणारच नाही आणि गाडी नुसती फिरत राहणार. या दुसऱ्या प्रकारची खूण अशी की मे महिन्यात काहीच त्रास नसतो. दिवाळीनंतर हळूहळू सुरू होतो.

शंका असेल तर सेन्सर काढून स्वयंपाकघरात न्या (घरच्यांची परवानगी काढून, जुन्या पातेल्यात). पाणी तापवत थर्मामीटर आणि मीटर शेजारी ठेवा. रोध सरळ उतरत गेला पाहिजे. मधेच उडी मारली किंवा थबकला तर नवा घ्या. गंमत म्हणजे अनेक गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा असतो, बहुधा एका वायरचा. ‘काटा तर बरोबर दाखवतोय’ याला म्हणून काही अर्थ नाही. आपल्याला दोन वायरचा हवा आहे.

आणि सेन्सर नवा घालण्याआधी त्याच्या कनेक्टरच्या पिना, वायर आणि कूलंटची पातळी बघा. कूलंट कमी असेल तर सेन्सरचं टोक हवेत लटकतं आणि भलतंच काही सांगतं. रेडिएटर गार असतानाच उघडायचा, हे सांगायला नको.

इथे नागपूरचा एक खास रोग सांगतो. गाडी उन्हाळ्यात तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, काढून टाकण्याची पद्धत. ‘‘इथल्या गर्मीत त्याची गरजच काय?’’ असं म्हणून तो वॉल्व्ह फेकून देतात. मग हिवाळ्यात इंजिन कधी पुरतं तापतच नाही, ईसीयू अर्धा प्रवास थंड इंजिन समजून जादा पेट्रोल ओततो, प्लग काळे होतात, ते पेट्रोल झिरपून ऑइल पातळ करतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काळ्या प्लगांवर गाडी चालू करायची असते. जुनी गाडी विकत घेतलीत तर थर्मोस्टॅट आहे का हे बघाच : चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं रेडिएटरचा वरचा होज गार राहून मग एकदम गरम झाला तर आहे, सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर नाही. थर्मोस्टॅट असलेली गाडी उन्हाळ्यात तापत असेल तर दोष पंख्यात, रेडिएटरच्या कचऱ्यात किंवा बोअरचं साधं पाणी भरून जमलेल्या क्षारांत शोधा.

स्कॅनर असेल तर

साध्या ब्लूटूथ स्कॅनरवर (ईसीयूतले आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) जुन्या गाड्या बोलतीलच असं नाही. अलीकडच्या बोलतात, आधीच्यांना कंपनीचा स्कॅनर लागतो. पण मिळाला तर बिघाडाच्या कोडच्या मागे धावायच्या आधी एक गोष्ट करा. पहाटे, सेल्फ न मारता, किल्ली ऑन करून कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान असे दोन आकडे शेजारी वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखेच हवेत, आणि बाहेरच्या हवेइतके. हवा अकरा अंश आणि कूलंट उणे पाच, किंवा कूलंट पन्नास, तर पुढचं काही तपासायची गरज नाही. एका मिनिटात, एकही पाना न लावता निदान. गाडी चालू असताना पिवळा दिवा लागलेला नसला तरी ही चाचणी करा, कारण सेन्सर शक्यतेच्या हद्दीत राहून खोटं बोलत असेल तर ईसीयूला ते खोटं वाटत नाही आणि दिवा लागत नाही. माझ्या गाडीत एकदाही लागला नव्हता.

काय करू नये

दहा सेकंदांहून लांब सेल्फ मारू नका. दोन सेल्फमध्ये अर्धा मिनिट थांबा, स्टार्टर तापतो. कॉलनीतल्या पोरांना बोलावून धक्का मारणं शेवटचा उपाय, तोही स्पार्क नसताना मुळीच नाही : न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो जातो. एअर फिल्टर काढून थ्रॉटलमध्ये झाकणभर पेट्रोल ओतणारेही भेटतील. भडका उडाला की भुवया जातात.

गॅस कीट असलेल्यांसाठी : पेट्रोलची टाकी कायम रिकामी ठेवून गॅसवर फिरू नका. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच गार राहतो. पाव टाकी ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टरही चिकटत नाहीत.

मेकॅनिककडे नेताना

गाडी संध्याकाळी नेऊन द्या आणि रात्रभर तिथेच ठेवा. स्पष्ट सांगा, ‘‘भाऊ, सकाळी तुम्ही आल्यावर पहिला सेल्फ तुम्हीच मारा, त्याआधी कोणी हलवू नका.’’ गॅरेज दहाला उघडत असेल तर गाडी सावलीत लावायला सांगा. हिवाळ्यातलं दहाचं ऊनसुद्धा बॉनेट तापवायला पुरतं. ‘सकाळी त्रास देते’ एवढंच न सांगता वही दाखवा : बॅटरी इतकी, पंपाचा आवाज येतो, सेल्फ चांगला, एक्सलेटर पूर्ण दाबल्यावर पकडते, प्लग चारही ओले. चांगला मेकॅनिक एवढं वाचून सरळ सेन्सरकडे जातो. नाही गेला आणि पुन्हा प्लगच बदलायला निघाला, तर चहा पिऊन गाडी परत आणा.

एका वेळी एकच वस्तू बदला. सेन्सर, प्लग आणि फिल्टर एकाच दिवशी बदलले तर गाडी बरी होईल, पण कशाने झाली ते कळणार नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काढलेली वस्तू मागून घ्या आणि डिकीत ठेवा. सुट्या भागाच्या दुकानात पिना जुळवायला ती लागते.

दुरुस्तीनंतर दुपारी गॅरेजच्या दारात गाडी चालू झाली याला झाली दुरुस्ती म्हणू नका. पैसे देताना ‘‘दोन सकाळी बघून सांगतो’’ असं सांगून या. मग रात्री व्होल्टेज, सकाळी व्होल्टेज, किल्ली ऑन, पंपाचा आवाज, पाच सेकंद सेल्फ. माझी गाडी कनेक्टर साफ केल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नऊ अंशांत दीड सेकंदात पकडली. ॲव्हरेज सोळावर यायला मात्र त्यापुढच्या दोन टाक्या लागल्या.